उघड्या झाकणांची गल्ली

कचऱ्याच्या दिवशी सकाळी त्या गल्लीतून नाकाला रुमाल न लावता चालायची कुणाची छाती नव्हती. दोन्ही बाजूंना घरोघरचे चाकांचे डबे रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेले, आणि एकाचंही झाकण धड बसलेलं नाही. बसणार कसं? डबा भरला तरी लोक कोंबायचे, वरून पायाने दाबायचे, वर आणखी एक पिशवी ठेवायचे, तिच्या डोक्यावर झाकण टेकवायचे आणि सुटलो एकदाचे म्हणून घरात जायचे. कचऱ्याची गाडी कधी वेळेवर आलीये? तोवर कावळे यायचे, कुत्री यायची, वारा यायचा, आणि बघता बघता गल्लीभर कोंबडीची हाडं, माशांची कातडी, कुणाच्या तरी कंगव्यातून काढलेला केसांचा पुंजका, नाक पुसून चुरगाळलेले कागद. शिवाय डब्यांच्या बुडातून गळणारं ते काळं, चिकट पाणी. त्याला नाव नाही, पण वास असा की कपड्याला लागला तर दोनदा धुऊनही जात नाही. शी!

गल्लीला उतार होता आणि उताराच्या तळाशी मावशीचं घर होतं. म्हणजे वर कुणीही काहीही सांडो, ते घरंगळत, वाहत, उडत शेवटी हिच्याच फाटकाशी येऊन थांबायचं.

मावशी म्हणजे पाळणाघरवाली मावशी. सख्खी भाची एकही नव्हती, पण अर्धं गाव तिला मावशी म्हणायचं. सकाळी नोकरीवर जाणाऱ्या आया आपापली पोरं तिच्या हवाली करायच्या आणि संध्याकाळी न्यायला यायच्या. दिवसभर ती ढुंगणं धुवायची, शेंबूड पुसायची, खांद्यावर ओकलेलं दूध पदराला पुसून तशीच पुढच्या पोराला घ्यायची. कपाळाला आठी म्हणून नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "अगं, बाळाची घाण ती काय घाण? दुधाचीच की ती."

मोठ्या माणसांची घाण मात्र तिला सहन व्हायची नाही. रस्त्यात कुणी थुंकलं तरी तिला जेवण जायचं नाही. दुसऱ्याच्या ताटातला घास तिने जन्मात उचलला नव्हता, नवऱ्याच्यासुद्धा नाही. आणि हा गल्लीतला कचरा बघितला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिचा स्वतःचा डबा बघावा! ओला कचरा आधी कागदात, मग पिशवीत, पिशवीला दोन गाठी. डबा कडेला काढायचा तो सकाळी, आदल्या संध्याकाळी नाही. मूठ घराकडे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे गाडीच्या यांत्रिक हाताला नीट धरता येतो. आणि झाकण असं बसलेलं की वर चहाचा कप ठेवावा. डब्यात काय जातंय ते ती जातीने बघायची. नवऱ्याने पेन्सिलीचा तुकडा टाकला तरी विचारायची, "अहो, हे काय टाकलंत?" डबा ढकलत रस्त्यावर नेणं एवढंच त्याच्याकडे होतं.

नवरा म्हणजे पोरांचा काका. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर पाळणाघरात हाताखाली काम करायला लागला आणि चांगला रमला. रडकं पोर त्याच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं. डायपर बदलायलाही तो शिकला होता, आणि गुंडाळायलाही. ती गुंडाळायची रीत मावशीची स्वतःची होती: पुढून मागे घट्ट वळकटी करायची, दोन्ही चिकटपट्ट्या एकमेकींवर फुलीसारख्या मारायच्या आणि उरलेला कोपरा आत खोचायचा. पिशवी फाटो, डबा उलटो, आतलं काही बाहेर येत नाही. नवी आई आली की मावशी आधी ही घडी करून दाखवायची. बायका घरी जाऊन विसरायच्या, काका विसरला नाही.

गेल्या वर्षी काकाचं ऑपरेशन झालं होतं. लघवीच्या वाटेतली गाठ काढली. महिनाभराने तो एकटाच डॉक्टरांकडे जाऊन आला आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे म्हणाले." मग विषय संपला. त्यानंतर तो जरा अबोल झाला, लग्नकार्याला जाईनासा झाला, आपले कपडे आपण धुवायला लागला, घोरतो म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मावशीला वाटलं, निवृत्त माणसं अशीच होत असतील. आणि खरं सांगायचं तर, तो बाहेर झोपायला लागल्यापासून तिलाही शांत झोप लागत होती.

तर अशा या गल्लीत डायपर सापडायला लागले.

पहिला सापडला तो उताराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या शिंपीणबाईच्या फाटकासमोर. सापडला म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. कुत्र्यांनी फाडून, गाडीच्या चाकाखाली जाऊन त्याचा नुसता लगदा झाला होता. पिवळा पडलेला कापूस, आणि मूत पिऊन टम्म फुगलेले ते जेलीसारखे गोळे रस्ताभर. वर माशा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरासमोर, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. ज्या डब्याचं झाकण उघडं, त्याच्या आसपास.

गल्लीच्या संघाचे एक सेक्रेटरी होते. आयुष्यभर शाळेत परीक्षांवर देखरेख केलेले गृहस्थ. गल्लीतही तसेच हात मागे बांधून फिरायचे. ते लगद्याशी थांबले, चपलेच्या टोकाने त्याला ढोसलं आणि उताराच्या तळाकडे बघितलं.

"मावशी, या गल्लीत डायपर कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे असतात. पण माझे माझ्या डब्यात असतात. झाकण उघडून बघा."

"मग हे आकाशातून पडले का?"

"ते तुम्ही शोधा! सेक्रेटरी कोण, मी का तुम्ही?"

सेक्रेटरींनी शोधलं नाही. शोधायचं कशाला? गल्लीला उत्तर मिळालेलं होतं. पाळणाघर आहे, पोरं आहेत, डायपर आहेत, झालं. शिंपीणबाई तर स्वतःचा डबा हत्तीसारखा फुगलेला असताना मावशीला म्हणाली, "तुमच्या धंद्यापायी आम्हाला ही घाण." मावशीच्या तळपायापासून शेंडीपर्यंत आग आग झाली.

पण नुसतं भांडून भागणारी बाई नव्हती ती. तिने ठरवलं, झाकणंच बंद करू, म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात काही टाकायला कुणाला वावच राहणार नाही. पोरांच्या जुन्या विजारींतलं इलॅस्टिक काढून तिने पट्टे शिवले, टोकांना आकडे लावले आणि घरोघर जाऊन वाटले. असं झाकणावरून घ्यायचं, असं खाली अडकवायचं, कावळ्याच्या बापाला उघडणार नाही. लोकांनी चक्क लावले. कचऱ्याचा दिवस उजाडला, गल्ली कशी चकाचक. मावशी फाटकात उभी राहून बघत होती. गाडी आली, यांत्रिक हाताने पहिला डबा उचलला, उलटा केला, गदागदा हलवला आणि भरलेलाच खाली ठेवला. पट्टा लावलेलं झाकण उघडणार कसं? दुसराही तसाच, तिसराही. चालक काही खाली उतरून पट्टे काढत बसणार नव्हता. त्याने हॉर्न वाजवला आणि गाडी निघून गेली.

मग तो आठवडा! ऐन उन्हाळा आणि प्रत्येक घराबाहेर तुडुंब डबा. तिसऱ्या दिवशी झाकणांच्या फटींतून पांढऱ्या अळ्या बाहेर पडायला लागल्या. पाचव्या दिवशी त्या शिंपीणबाईच्या पायरीवर होत्या. खिडक्या बंद, तरी घास तोंडात घालावा तर वास त्याच्याबरोबर आत. जो तो मावशीच्या नावाने बोटं मोडत होता. गाडी येण्याआधी पट्टा काढायचा, एवढी साधी गोष्ट तिने कुणाला सांगितलीच नव्हती, कारण ती तिच्याही ध्यानात आली नव्हती.

पट्टे गेले, झाकणं पुन्हा वासली आणि डायपर पुन्हा सापडायला लागले.

आता मावशीचं डोकंच फिरलं. उठता बसता तोच विषय. जेवायला बसली की सुरू व्हायची. समोर काका खाली मान घालून भात कालवत असायचा.

"कोण असेल हो हा घाणेरडा? स्वतःच्या घरात ठेवायला लाज वाटते आणि दुसऱ्याच्या डब्यावर नेऊन ठेवतो! हा माणूस आहे की जनावर?"

काका म्हणायचा, "जाऊ दे ना. जेव."

"काय जाऊ दे? शिसारी येते मला, शिसारी! तो लगदा मी उचलते, तुम्हाला काय होतंय बोलायला? सापडू दे एकदा. त्याचं त्याला हाताने उचलायला लावते की नाही बघा. असल्याला घरात ठेवतात कसे, मला तेच कळत नाही. मी असते तर केव्हाच बाहेरचा रस्ता दाखवला असता."

काका पाणी पिऊन उठायचा. ताट धुवायचा आणि बाहेरच्या खोलीत जायचा. मावशीच्या जिभेला हाड नाही हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. तिला वाटायचं, किती थंड रक्ताचा हा माणूस! बायकोच्या तोंडाला काळं फासायला निघालेत लोक, आणि ह्याच्या कपाळावर रेघ उठत नाही.

मग सेक्रेटरींनी गल्लीची सभा भरवली. पाळणाघर चालवायला शेजाऱ्यांची संमती लागते, ती दर वर्षी नव्याने द्यावी लागते, आणि यंदाची अजून द्यायची आहे. हे सगळं त्यांनी घसा साफ करत, हळूहळू, मुद्दाम चार वेळा थांबून सांगितलं. पुढच्या कचऱ्याच्या दिवशी रस्त्यावर एक जरी डायपर सापडला, तर संमती नाही.

जुळ्यांची आई त्या सभेला आली होती. तिची जुळी मावशीकडे दोन महिन्यांची असल्यापासून होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "मावशी, मला माहितीये तुम्ही नाही. पण माझ्या सासूबाई म्हणतात, जिथे असा घाणेरडेपणा चालतो तिथे पोरं ठेवू नका. काहीतरी करा हो."

पाळणाघर म्हणजे नुसता धंदा नव्हता तिचा. स्वतःला मूल झालं नाही म्हणून ज्या घरात तिला कुणी वांझ म्हणायचं बाकी ठेवलं नव्हतं, त्याच घरात आता सकाळपासून पोरांचा कालवा असायचा. तो थांबला तर ती करणार काय? भिंतींशी बोलणार?

कचऱ्याच्या दिवशी ती उजाडायच्या आधी उठली, पण काका तिच्याही आधी उठून डबा बाहेर ठेवून आला होता. "झोप ना थोडं," तो म्हणाला. ती कसली झोपते! रबरी हातमोजे चढवून, हातात कचरा उचलायचा चिमटा घेऊन ती फाटकाशी पहारा देत उभी राहिली. सगळी झाकणं तिच्या नजरेच्या टप्प्यात. शिंपीणबाईचा डबा नेहमीप्रमाणे आ वासून उभा होता आणि त्याच्या वर एक काळी पिशवी बसवलेली होती. बेशरम बाई, कितीही सांगा.

हळूहळू उजाडलं. पोरं यायला लागली. मावशी पोर घ्यायची, काकाकडे द्यायची, पुन्हा फाटकात. जुळ्यांची आई आली. एक जुळं काकाच्या खांद्यावर गेलं, दुसरं अजून आईच्या कडेवर होतं. सेक्रेटरी हात मागे बांधून उतारावरून खाली येत होते. आणि त्याच वेळी शिंपीणबाईच्या डब्यावर कावळा बसला.

एक चोच, दोन चोची, पिशवी टराटरा फाटली. आतून केळ्याची सालं पडली, त्यावर काहीतरी पांढरं धप्पकन पडलं आणि उतारावरून गडगडत मावशीच्या फाटकाकडे आलं.

डायपर! आणि या खेपेस फाटलेला नाही, चिरडलेला नाही, अख्खा, गुंडाळलेला. तोही केवढा मोठा! एखाद्या उशीएवढा!

मावशीला आनंदाचं भरतंच आलं. "अहो सेक्रेटरी! इकडे या! धावत या!" ती अशी ओरडली की शिंपीणबाई दार उघडून बाहेर आली. "या, डोळे उघडून बघा! हा काय पोराचा डायपर आहे? हा मोठ्या माणसाचा आहे, मोठ्या माणसाचा! या गल्लीतला कुणीतरी घोडा एवढा मोठा होऊन मुततोय आणि माझ्या पोरांच्या नावावर घालतोय! थांबा, उलगडूनच दाखवते तुम्हाला!"

वास असा आला की सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला. जुना, तिखट, साचलेला वास. मावशीलाही उमासा आला, तरी तिने दात आवळून ते गाठोडं चिमट्याने उचललं, दुसऱ्या हातात घेतलं आणि उलगडायला पट्टी शोधायला लागली.

पट्ट्या दोन होत्या. एकीवर एक, फुलीसारख्या मारलेल्या. आणि कोपरा आत खोचलेला.

तिचे हात जागच्या जागी थांबले. ही घडी गल्लीत दोनच माणसं घालत होती. त्यातली एक ती स्वतः होती.

तिने मान वळवली. काका फाटकाच्या आत उभा होता. खांद्यावर जुळं झोपलेलं, एक हात त्याच्या पाठीवर. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. चोरी पकडली गेल्यावर लहान पोर बघतं तसं.

आणि मग मावशीला आपली स्वतःचीच वाक्यं ऐकू यायला लागली. जनावर. घाणेरडा. शिसारी येते. बाहेरचा रस्ता दाखवला असता. ताटावर बसून, आठवडेच्या आठवडे, त्याच्या तोंडावर. आणि हा भात कालवत होता! वेगळं झोपणं, कपडे धुणं, लग्नाला न जाणं, सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी हिला दिसलं नाही. दुसऱ्यांच्या डब्यांत काय आहे ते हुंगत फिरली, आणि घरातलं माणूस हिला दिसलं नाही. शी! तिला जितकी किळस त्या हातातल्या गोळ्याची आली नव्हती तितकी स्वतःची आली.

"उलगडा की," सेक्रेटरी रुमालातून म्हणाले. "बघू द्या सगळ्यांना."

काकाने तोंड उघडलं. तो बोलणार होता, मावशीला स्पष्ट दिसलं.

"अहो, तुम्ही आत जा," ती घाईघाईने म्हणाली. "दूध ठेवलंय, उतू जाईल."

"अगं, पण..."

"आत जा म्हटलं ना!"

मग ती सेक्रेटरींकडे वळली. हातातला गोळा तिने घट्ट धरला.

"माझ्याकडचाच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्याकडचाच. चार-पाच डायपर एकात एक गुंडाळलेत, म्हणून मोठा दिसतो. आमचा डबा भरला होता, म्हणून दुसऱ्याच्या डब्यावर ठेवला. आधीचेही माझेच."

शिंपीणबाईच्या तोंडावर जो विजय पसरला तो बघवत नव्हता. सेक्रेटरींनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. आरोप इतका सहज कबूल झालेला त्यांनाही आवडला नसावा.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आमच्या तोंडावर खोटं बोलत होता?"

"बोलत होते."

"मग संमतीचं काय ते तुम्हाला माहितीच आहे."

"माहितीये."

जुळ्यांच्या आईचे डोळे भरून आले. ती काकामागून घरात गेली, त्याच्या खांद्यावरचं झोपलेलं पोर तिने अलगद उचललं आणि दोन्ही पोरं घेऊन उताराने वर निघून गेली. मागे वळून बघेल असं मावशीला वाटलं होतं. तिने नाही बघितलं.

मावशीने गोळा स्वतःच्या डब्यात टाकला. शिंपीणबाईच्या दारातली केळ्याची सालं, फाटकी पिशवी सगळं उचललं, झाकण लावलं. गाडी आली, डबे रिकामे करून गेली. दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून फोन आले. उद्यापासून पोरं पाठवणार नाही, वाईट वाटून घेऊ नका, तुमचं आमचं काही वाकडं नाही. जी पोरं उरली होती ती त्या दिवशी विचित्र शहाण्यासारखी खेळली.

संध्याकाळी शेवटचं पोर गेलं आणि घर रिकामं झालं. काका बाहेरच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. पायाशी एक पिशवी होती. कपड्यांची.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"भावाकडे जाऊन राहतो काही दिवस. त्याला गेल्या आठवड्यातच फोन केला होता." तो थांबला. "जायच्या आधी सेक्रेटरींना सांगतो. पाळणाघर राहील तुझं."

"गेल्या आठवड्यात?"

"तूच म्हणालीस ना. असल्याला घरात कसे ठेवतात म्हणून."

मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. भांडायला कुणी समोर नव्हतं.

"डॉक्टर ठीक म्हणाले होते," ती कसंबसं म्हणाली.

"ते म्हणाले, काहींचं थांबतं, काहींचं नाही. माझं नाही थांबलं."

"मग आपल्या डब्यात का नाही टाकलेत?"

"तू डबा उघडून बघतेस." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "वाटलं, कुणाच्या तरी झाकणाखाली ठेवून दिलं की गाडी घेऊन जाईल. झाकण बसत नाही तिथे आपलीही एक पिशवी मावते. कावळ्याचं डोक्यातच नाही आलं. आणि एकदा रस्त्यावर आल्यावर सांगायचं तोंडच राहिलं नाही. तू इतकी चिडली होतीस. आजची शेवटची होती, वरून केळ्याची सालं घातली, म्हटलं, एवढी तरी गाडी घेऊन जाईल."

"अहो, मला सांगायचं तरी! मी दिवसभर काय करते? हेच करते ना?"

"पोरांचं करतेस," तो म्हणाला. "माझ्या ताटातला घास तू कधी खाल्ला नाहीस. हे कसं सांगू तुला?"

खोटं बोलून ती दिवसातून दुसऱ्यांदा सुटू शकली असती, पण तिची जीभ उचलली नाही.

काका उठला. उठताना त्याने एका हाताने पायजमा पुढून धरला, आणि ते तिने बघितलं हे बघून त्याचा चेहरा पडला. तो न्हाणीघरात गेला आणि त्याने आतून कडी लावली.

मावशी दाराशी जाऊन उभी राहिली. "उघडा."

"तू जा. माझं मी करतो."

"माहितीये तुम्ही करता. उघडा म्हणते मी."

"नको. तुला सहन नाही होणार."

"कडी काढा हो!" तिचा आवाज फाटला. "मी काही वर्षानुवर्षं दाराबाहेर उभी राहणार नाही!"

बराच वेळ आत नुसता नळ वाहत होता. मग कडी सरकली. दार थोडंसं उघडलं. काका भिंतीला धरून उभा होता, पायजमा घोट्याशी, पायांची नुसती हाडं राहिलेली, मांड्यांच्या आतून कातडी लालभडक सोललेली. इतके महिने ओलं राहून कातडीचं असं झालं होतं आणि त्यावर लावायला त्याने कुणाकडे मलमही मागितलं नव्हतं. सकाळचाच तो वास, पण आता कोंदट खोलीत, अंगावर येणारा. मावशीच्या घशात आंबट पाणी आलं. तिने डोळे मिटले, गिळलं, पुन्हा उघडले.

काका तिचा चेहरा बघत होता. त्याच्यापासून काय लपणार?

"आली ना किळस?" त्याने विचारलं.

"आली," मावशी म्हणाली. "सरका जरा, मला आत येऊ द्या."